आरशातली हार्डडिस्क नव्या संगणकात नेताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि घरोघरी, दुकानोदुकानी जुना संगणक बदलायचा विषय निघाला. या पानाकडे येणाऱ्या पत्रांतही सध्या तोच विषय आहे. त्यांतले कल्याणच्या एका भगिनीचे पत्र या महिन्यासाठी निवडले, कारण तिचा प्रश्न दिसायला साधा आहे आणि घाईत उत्तर दिले तर तिच्या घरचे मोठे नुकसान होईल.

तिच्या अब्बांचे दूधनाक्याकडे डीटीपी आणि छपाईचे छोटे दुकान आहे. निकाहच्या मराठी-उर्दू पत्रिका, अकिक्याची निमंत्रणे, मदरशाची आणि शाळेची पावतीपुस्तके, व्हिजिटिंग कार्डे. कितीतरी वर्षांचे काम एकाच संगणकात साठले आहे. त्यातच दुकानाचा हिशेब आणि घरातल्या मुलांचे लहानपणापासूनचे फोटो. अब्बा सावध गृहस्थ. संगणक घेतानाच त्यांनी दोन हार्डडिस्क बसवून घेतल्या, दोन्हींत हुबेहूब एकच माल. मध्यंतरी एक डिस्क बिघडली, ती बदलली, आणि दुकान एक दिवसही बंद राहिले नाही. आता नवा संगणक घरी येऊन पडला आहे. विंडोज सुरू होते तेही याच जोडीवरून. मग दोन्ही डिस्क जुन्यातून काढायच्या, नव्यात लावायच्या आणि बटण दाबायचे, एवढेच काम ना, असे तिने विचारले आहे.

भगिनी, नाही. आधी ही जोडी काय चीज आहे ते पाहू, म्हणजे कारण ध्यानात येईल.

दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याच्या या पद्धतीला मिरर म्हणतात. संगणकवाले ‘रेड वन’ असेही म्हणतील. त्या रेडचा धाडीशी काही संबंध नाही, ती इंग्रजी आद्याक्षरे आहेत. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून स्वस्त डिस्क एकत्र बांधण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. आरसा ही त्यांतली पहिली पायरी. कल्पना त्याहून जुनी होती, पण नाव आणि क्रमांक तिथून रूढ झाले.

छपाईवाल्यांच्या घरात हे समजावणे सोपे आहे. कार्बन लावलेले पावतीपुस्तक घ्या. वर लिहिले की खाली उमटते. वरचा कागद फाटला तर खालचा हाताशी असतो. पण पावतीवर चुकीची रक्कम लिहिली तर तीही खाली उमटते, आणि वर काट मारली तर खालीही काट बसते. मिररचे असेच आहे. एक डिस्क जळाली तर दुसरी काम चालू ठेवते. मात्र मुलाने चुकून फोटोंचा फोल्डर पुसला, व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, किंवा संगणक बदलताना कुणी चुकीचे बटण दाबले, तर ते दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी होते. दोन प्रती आहेत म्हणून माल सुरक्षित आहे, ही समजूत इथेच फसते. आणि संगणक बदलण्याच्या दिवशी धोका डिस्क जळण्याचा नसतो, चुकीचे बटण दाबले जाण्याचा असतो. म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त आधार हवा, त्या दिवशी मिररचा काहीच आधार नाही.

आता दुसरा मुद्दा. आरसा डिस्कमध्ये नसतो, तो धरणारा कुणीतरी वेगळा असतो. तो कोण आहे हे कळल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये. छोट्या दुकानांत बहुधा तीनपैकी एक प्रकार सापडतो. मदरबोर्डवरची चिप हे काम करते, म्हणजे इंटेलची रॅपिड स्टोरेज किंवा एएमडीची तशीच सोय. किंवा वेगळे कार्ड बसवलेले असते. किंवा विंडोज स्वतःच दोन्हीकडे लिहीत असते. ओळखायचे कसे? जुना संगणक चालू असताना विंडोजच्या स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. नुसते पाहायचे, काही दाबायचे नाही. डब्यात डिस्क दोन आहेत हे तुम्हाला माहीत आहे. पडद्यावर एकच दिसत असेल तर आरसा मदरबोर्डने किंवा कार्डाने धरला आहे. दोन दिसत असतील आणि त्यांच्यापुढे ‘डायनॅमिक’ व ‘मिरर’ हे शब्द असतील तर तो विंडोजने धरला आहे. या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चिपच्या प्रकारात इंटेल आपली खूण डिस्कच्या अगदी शेवटी लिहून ठेवते. नवा मदरबोर्ड इंटेलचाच असेल, त्यातही ती सोय असेल आणि बायोसमध्ये ती चालू केली असेल, तर जोडी बहुतेक वेळा ओळखली जाते. नवा संगणक एएमडीचा असेल तर त्याला ती खूण वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने त्या दोन सुट्या डिस्क. अर्थात माल तेव्हाही जागेवरच असतो, कारण आरशातली प्रत्येक डिस्क सुरुवातीपासून पूर्ण असते आणि एकटी लावली तरी साधारणपणे वाचता येते. हा आरशाचा मोठा गुण आहे आणि पुढचे सगळे काम त्याच्यावरच उभे आहे. कार्डवाला प्रकार सर्वांत सोपा: कार्डही डिस्कबरोबर हलवायचे, नव्या संगणकात त्याला खाच आहे की नाही ते आधी पाहायचे. विंडोजच्या आरशाची नोंद डिस्कवरच असते, म्हणून दुसऱ्या संगणकात लावल्यावर ती डिस्क ‘फॉरेन’ म्हणून दिसते आणि ‘इम्पोर्ट’ करावी लागते. तिथेच शेजारी ‘कन्व्हर्ट टू बेसिक’ असेही एक वाक्य असते. त्याला हात लावला की माल गेला. तसेच नव्या संगणकाने डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करू का असे विचारले तर उत्तर नाही.

ओळख पटली तरी जोडी नव्या संगणकात सुरू होईलच असे नाही. डिस्क वाचता येणे वेगळे आणि तिच्यावरून विंडोज सुरू होणे वेगळे. दहा-बारा वर्षांपूर्वीचे पुष्कळ संगणक जुन्या बायोस पद्धतीने सुरू होत आणि त्यांच्या डिस्कची आखणी एमबीआर प्रकारची असे. आजचे संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होतात आणि त्यांना जीपीटी आखणी लागते. मधला काही काळ मदरबोर्डवर दोन्ही पद्धती चालत, पण आताच्या बऱ्याच बोर्डांतून जुनी पद्धत काढून टाकली आहे. त्यामुळे डिस्क लावली, माल शाबूत आहे, तरी पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असे येते. पाहणाऱ्याला वाटते, डिस्क मेली. मग कुणीतरी फॉरमॅट मारते. इतकेच कशाला, काही नव्या छोट्या संगणकांत या जुन्या डिस्क लावायला केबलची जागाच नसते; संगणक घेण्यापूर्वी दुकानदाराला साटा जोडण्या किती आहेत हे विचारायला हवे.

म्हणून पहिले काम जुन्या संगणकावरच, आणि तेही तो नीट चालत असताना. तिसरी डिस्क विकत आणा, बाहेरून यूएसबीने लागणारी. तिच्यावर आधी दुकानाच्या फायली, फोटो आणि हिशेब साध्या कॉपीने घ्या. मग संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग सगळ्यासकट. विंडोज १० च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ या नावाखाली ही सोय आजही आहे. साधारण ३०० जीबी माल असेल तर यूएसबी ३ च्या निळ्या खाचेतून तासाभरात होईल. जुन्या यूएसबी २ मधून तीनेक तास लागतील. चहा होईपर्यंत होईल असे समजू नका. झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही संगणकाला लावून चार फायली उघडून पाहा, त्यांत एक मराठी पत्रिका आणि एक उर्दू पत्रिका असू द्या. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नसते.

उर्दू-मराठी पत्रिकेचा उल्लेख मुद्दाम केला. या भगिनीच्या प्रश्नातली खरी गाठ तिथे आहे. नुसत्या फायली असत्या तर मी म्हटले असते, जुनी विंडोज हलवूच नका, नव्यावर नवी विंडोज घ्या आणि फायली ओता. बहुतेक घरांसाठी माझा सल्ला तोच आहे. पण छपाईच्या दुकानात जुने प्रोग्रॅम हा जीव असतो. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. उर्दूसाठी १९९४ पासून चालत आलेले इनपेज, ज्यातले नस्तालिक अक्षर मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ साली मोनोटाइपसाठी घडवलेल्या नूरी नस्तालिकवर उभे आहे. या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये नसतो. श्रीलिपीत लावलेली पत्रिका तो फाँट नसलेल्या संगणकात उघडली तर ‘निकाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर हरवलेला नसतो, पण वाचणारा हरवलेला असतो. शिवाय अशा अनेक जुन्या प्रोग्रॅमना संगणकाच्या मागे खोचलेली छोटी किल्ली, म्हणजे डाँगल, लागते. ती किल्ली आणि मूळ सीडी कुठे आहे हे आज शोधा. यूएसबीची किल्ली असेल तर आशा आहे; जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत बसणारी असेल तर नव्या संगणकात ती खाचच नाही.

अशा दुकानासाठी डिस्क हलवण्याहून शहाणा मार्ग एक आहे, आणि गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याला तो सुचेलच असे नाही. जुना संपूर्ण संगणक नव्या संगणकाच्या पोटात ठेवायचा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संग्रहात ‘डिस्क टू व्हीएचडी’ नावाचे फुकट अवजार आहे. ते चालू संगणकाची एक मोठी फाइल बनवते. ती फाइल नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये उघडली की एका खिडकीत जुना पडदा, जुने फाँट, जुने इनपेज तसेच दिसते. यूएसबी किल्ली त्या आतल्या संगणकाला देण्याची सोयही व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे. अब्बांना हातवळणाचे सगळे त्याच जागी मिळते आणि नव्या संगणकाची देखभाल चालू राहते. आतल्या जुन्या विंडोजला इंटरनेट मात्र देऊ नये. जुना संगणक विंडोज ७ चा असेल तर हाच मार्ग घ्यावा, कारण विंडोज ७ ला आजच्या बोर्डावरचे यूएसबी आणि नव्या प्रकारच्या एसएसडी ओळखता येत नाहीत. डिस्क लावाल तर कीबोर्डही चालणार नाही अशी गत होते.

एवढे सांगूनही दुकानात विंडोज १० आहे आणि डिस्कच हलवायची आहे असे ठरले, तर माझी एकच अट आहे. दोन्ही डिस्क एका दिवशी नव्या संगणकात जाणार नाहीत. कॉम्प्युटरवाला येऊन म्हणेल, “चाचा, दोन्ही द्या, उद्या लावून आणतो.” चाचांनी म्हणावे, “एकच ने, बेटा. दुसरी इथे राहील.” आरशाचा गुण इथे कामाला येतो: एक डिस्क नव्याकडे, दुसरी कपाटात. नव्यात काहीही बिघडले तरी कपाटातली डिस्क जुन्या डब्यात लावून संध्याकाळी दुकान उघडता येते.

काढण्याआधीची तयारी अशी. डिस्क कुलूपबंद आहे का ते पाहा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली जुन्या मदरबोर्डच्या चिपमध्ये असते आणि नवा संगणक ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती आधी कागदावर उतरवा आणि बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. हिशेबासाठी टॅली असेल तर त्याचा परवाना जुन्या संगणकावरून ‘सरेंडर’ करा, नाहीतर नव्यावर चालू करताना अडेल. हेही डिस्क काढायच्या दिवशीच, कारण एकदा परत केल्यावर जुन्यावर काम थांबते. विंडोजचा परवाना संगणकाबरोबर आलेला असेल तर तो त्या बोर्डाशी बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला असेल तर नेता येतो. मग जुन्या संगणकाच्या बायोसमधल्या स्टोरेजच्या आणि बूटच्या पानाचे फोटो काढा. स्टोरेजच्या पानावर ‘एएचसीआय’ लिहिले आहे की ‘रेड’, हा एक शब्द उद्याची निम्मी डोकेदुखी वाचवतो. शेवटी संगणक पूर्ण बंद, वायर भिंतीतून काढलेली, आणि प्रत्येक डिस्कवर चिकटपट्टी: कुठल्या खाचेत होती, कुठल्या तारखेला काढली.

नव्या संगणकात एक डिस्क लावली. बोर्ड इंटेलचा आणि रेडची सोय असलेला असेल तर बायोसमध्ये जुन्यासारखेच ‘रेड’ ठेवा. जोडी ‘डिग्रेडेड’ आहे अशी तक्रार दिसेल. दिसू द्या, एक पाय नसल्याची ती तक्रार आहे, आपणच काढला आहे. इथे एका पर्यायापासून सांभाळा: रेडच्या पडद्यावर ‘क्रिएट’ म्हणजे नवी जोडी बनवा असे असते. आपल्याला जोडीच हवी आहे म्हणून माणूस ते दाबतो, आणि ते नव्याने जोडी मांडताना डिस्क पुसते. इंटेलच्या अलीकडच्या बोर्डांवर व्हीएमडी नावाची आणखी एक सोय असते. ती चालू असेल आणि तिचा ड्रायव्हर नसेल तर विंडोजच्या सेटअपला डिस्क दिसतच नाही. घाबरून जाऊ नये, ड्रायव्हर बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर मिळतो.

बोर्ड एएमडीचा असेल तर बायोसमध्ये ‘एएचसीआय’ ठेवावे लागते. तेव्हा विंडोज निम्म्यावर येऊन निळा पडदा दाखवते आणि त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द असतात. याचा अर्थ विंडोजने सुरू होताना डिस्कशी बोलायचा चुकीचा दुभाषा उचलला. उपाय जुन्या संगणकावरच करून ठेवायचा असतो: डिस्क काढण्याआधी ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूटच्या पानावर ‘सेफ बूट’ला खूण करायची आणि संगणक बंद करायचा. सेफ मोडमध्ये विंडोज सगळे साधे दुभाषे बरोबर घेऊन उठते आणि योग्य तो निवडते. एकदा उठली की ती खूण काढून टाकायची.

आणि आखणीचा प्रश्न. जुनी डिस्क एमबीआरची आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयचा असेल, तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणारे ‘एमबीआर टू जीपीटी’ हे अवजार माल न पुसता आखणी बदलते. विंडोजच्या सेटअपचा पेनड्राइव्ह लावून, शिफ्ट आणि एफ१० दाबून काळा पडदा उघडला की तिथून ते चालवता येते. आधी ‘व्हॅलिडेट’ म्हणजे तपासणी, ती पास झाली तरच ‘कन्व्हर्ट’. ते डायनॅमिक डिस्कवर चालत नाही. म्हणून विंडोजने धरलेला आरसा असेल तर बूट डिस्क हलवण्याच्या भानगडीत न पडता नवी विंडोज टाकावी आणि जुनी डिस्क ‘इम्पोर्ट’ करून फायली घ्याव्यात. हे रूपांतर जोडी अभंग असताना जुन्या संगणकावर कधीही करू नये. कार्बन आठवा: दोन्ही डिस्कची आखणी बदलेल आणि जुन्या पद्धतीचा संगणक दोन्हींपैकी एकीवरूनही सुरू होणार नाही. परतीची वाट आपणच बंद केलेली असेल.

विंडोज उठली, इनपेज उघडले, छपाई निघाली. आता दुसरी डिस्क लावून जोडी पूर्ण करायचा मोह होईल. थांबा. किमान एक महिना दुकान एका डिस्कवर आणि रोजच्या बाहेरच्या प्रतीवर चालू द्या. जीएसटीचा एक महिना भरून होऊ द्या, एक जुनी पत्रिका काढून पुन्हा छापून पाहा. त्या महिन्यात कपाटातली डिस्क शिळी होते, आणि तिथे शेवटचा धोका असतो. ती परत लावली की नव्या डिस्कवरून जुनीवर नक्कल व्हायला हवी. उलट झाली तर महिनाभराचे काम जुन्या मजकुराखाली गाडले जाते. म्हणून जोडी पुन्हा बांधताना कोरी, नवी डिस्क आणावी हे बरे. कोऱ्या डिस्कची दिशा चुकत नाही का? तीही चुकू शकते, आणि मग भरलेली डिस्क कोरी होते. पण तेव्हा कपाटातली हाताशी असते. पडद्यावर ‘सोर्स’ आणि ‘डेस्टिनेशन’ अशा दोन जागा आल्या तर डिस्कचा अनुक्रमांक चिकटपट्टीशी ताडून मगच पुढे जा. एक टीबीची नक्कल व्हायला तीनेक तास लागतात, तेवढा वेळ वीज टिकली पाहिजे. घरातला इन्व्हर्टर पंखा चालू ठेवतो, पण वीज गेल्यावर लगेच न बदलल्याने संगणक बंद पडतो असे पुष्कळदा होते. यूपीएस वेगळा असतो आणि तोच लागतो.

जुना डबा एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर त्यात आरशाची एक बाजू राहून गेलेली नाही ना, ते पाहा. पत्रिकेबरोबर लोक आधार कार्डाच्या झेरॉक्सही करून घेतात आणि त्यांचे स्कॅन दुकानाच्या डिस्कवर वर्षानुवर्षे पडून असतात. साध्या फॉरमॅटने ते जात नाहीत. विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’मधली ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा हार्डडिस्कच्या प्रत्येक कप्प्यात शून्य लिहिते. डिस्क नीट निवडूनच ती द्यावी. एसएसडीसाठी कंपनीचे स्वतःचे पुसण्याचे अवजार वापरावे.

पत्राच्या शेवटी भगिनीने विचारले आहे, नव्या संगणकातही दोन डिस्क बसवाव्यात का? लग्नसराईत दुकान एक दिवसही बंद ठेवणे परवडत नसेल तर जरूर बसवाव्यात. शक्य तर दोन वेगळ्या महिन्यांत घेतलेल्या, म्हणजे एकाच लॉटच्या दोन्ही एकदम थकणार नाहीत. घरगुती संगणकात मात्र तो पैसा बाहेरच्या डिस्कवर घालावा. आणि ती बाहेरची डिस्क संगणकाशेजारी ठेवू नये. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या डब्यात एक डिस्क होती की दोन, याने काही फरक पडण्यासारखा नव्हता. २०१९ च्या जुलैत याच नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली. खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या दुकानांनी हा हिशेब धरलाच पाहिजे. ठाण्यात राबोडीला आपा राहत असेल तर महिन्यातून एकदा तिच्याकडे जाताना एक डिस्क न्यायची आणि आधीची घेऊन यायची. लोकलच्या गर्दीत ती पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका, मऊ कापडात गुंडाळून आतल्या बाजूला ठेवा. त्या डिस्कला पासवर्ड घाला आणि तो पासवर्ड घरातल्या दोघांना ठाऊक असू द्या, एकट्या अब्बांना नको.

घरगुती वापराच्या विंडोज १० ला सुरक्षेचे अद्ययावतीकरण नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, तेव्हा या भगिनीला घाई करायचे कारण नाही. दुकानाच्या संगणकाला ती घरगुती सवलत लागू होते का ते मात्र तपासावे. तिने पुढच्या पत्रात जुन्या आणि नव्या मदरबोर्डचे नाव, डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा फोटो आणि इनपेजची आवृत्ती कळवावी. किल्ली कुठल्या खाचेची आहे तेही. त्यावरून दोहोंपैकी कुठला मार्ग तिच्या दुकानाला बसेल ते सांगता येईल. तोवर नवा संगणक खोक्यातच राहिला तरी चालेल, पण बाहेरची डिस्क या आठवड्यात आणावी.